सातव्या कप्प्यातली ओळ

त्यांचं खरं आडनाव ऑफिसात फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे त्यांना 'सोडवणे' म्हणत. कारण एवढंच, की गुंता किंवा गाठ दिसली की त्यांचे हात शिवशिवत. कुणाच्या इअरफोनच्या वायरी, कुणाच्या गळ्यातली बारीक साखळी, पडद्याची अडकलेली दोरी, काहीही समोर आलं की चष्मा कपाळावर सरकवायचे आणि बोलता बोलता मोकळं करून द्यायचे. नवीन लागलेली एक मुलगी तर वर्षभर त्यांच्या टेबलावर 'श्री. सोडवणे यांस' अशा चिठ्ठ्या ठेवत होती. त्यांनी तिची चूक कधी दुरुस्त केली नाही. म्हणाले, "राहू दे. निदान हे आडनाव मी स्वतः कमावलंय."

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं बसले. आमचं केंद्र म्हणजे रिपोर्टांची एक गाळणीच होती. शहरभरातल्या प्रयोगशाळांकडून तपासण्यांचे रिपोर्ट आमच्या संगणकावर यायचे. त्यातलं महत्त्वाचं तेवढं वेचून आम्ही प्रत्येक रुग्णाचं एक पान तयार करायचो आणि त्याच्या डॉक्टरकडे पाठवायचो. सकाळभरात साठ माणसं तपासणाऱ्या डॉक्टरला वीस पानं वाचायला वेळ कुठून असणार? तो आमचं एक पान वाचायचा.

अडचण अशी, की प्रत्येक प्रयोगशाळेची तऱ्हा न्यारी. कुणी निष्कर्ष वरच लिहायचा. कुणी तो 'तपासणी'च्या आत 'नमुना', नमुन्याच्या आत 'भाग', भागाच्या आत 'शेरा' अशा कप्प्यात कप्पा करून ठेवायचा. सोडवण्यांनी त्यावर चाळीस ओळींचा एक प्रोग्राम लिहिला होता. मी नवीन असताना त्यांनी तो मला समजावून सांगितला तो असा:

"कपाटात खण, खणात पेटी, पेटीत पाकीट. आता प्रत्येकासाठी वेगळा माणूस नेमायचा का? नाही. एकच माणूस, एकच हुकूम. उघड. आत निष्कर्ष असेल तर घे. आत आणखी काही बंद असेल तर त्यालाही हाच हुकूम लाव, पहिल्यापासून. म्हणजे प्रोग्राम स्वतःच स्वतःला हाक मारतो."

"आणि थांबतो कधी?"

"उघडायचं काही उरलं नाही की."

पुस्तकात याला रिकर्शन म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण पुस्तकात वाचताना ते कधी इतकं सरळ वाटलं नव्हतं.

मग एकदा सकाळी सगळं केंद्र ठप्प झालं. एका रिपोर्टात कुणाच्या तरी चुकीने असा कप्पा आला होता, की त्याच्या आत पुन्हा तोच कप्पा. प्रोग्राम बिचारा उघडतोय, उघडतोय, उघडतच राहिलाय. दुपारपर्यंत एकही पान बाहेर गेलं नाही. फोनवर फोन. आमच्या मॅडम, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, सोडवण्यांच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. सोडवण्यांनी घाईघाईत एक ओळ घातली. सहा कप्प्यांपेक्षा खोल जायचं नाही, रिकाम्या हाताने परत फिरायचं. तेव्हा कुठल्याही रिपोर्टात चारपेक्षा जास्त कप्पे नव्हते. सहा म्हणजे भरपूर झाले.

नियमाप्रमाणे ती ओळ मी तपासली. मी विचारलंसुद्धा, "मर्यादा आली तर त्याने ओरडायला नको का? निदान कुठेतरी नोंद?"

"असले बिघडलेले रिपोर्ट येत राहिले तर रोज ओरडेल बाई. रोज ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं?" ते म्हणाले. "नंतर नीट करू."

मी 'पाहिले' म्हणून सही केली. 'नंतर' हा शब्द आमच्या धंद्यात फार स्वस्त आहे.

त्यानंतर नऊ वर्षं काही झालं नाही. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

एके दिवशी दुपारी खिडकीवर एक बाई आली. पन्नाशीची असेल. चपलांवर रंगाचे वाळलेले ठिपके. तिचा नवरा रंगारी होता आणि तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. तिला विम्याबिम्यासाठी काही नको होतं. तिला त्याचा जुना, पूर्ण रिपोर्ट हवा होता.

"एक पान आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "त्यात 'दोष आढळला नाही' असं लिहिलंय. मग माणूस मेला कशाने? मला सगळं वाचायचंय. समजलं नाही तरी चालेल."

खिडकीवरचा कारकून रजेवर होता, म्हणून सोडवणे उठले. त्यांनी मूळ रिपोर्ट काढला आणि छापायला लावला. कागद यंत्रातून बाहेर येत असताना ते सवयीने एकेक पान उचलून बघत होते. सातव्या पानाशी त्यांचा हात थांबला. मी माझ्या जागेवरून बघत होते. त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ.

तो रिपोर्ट ज्या प्रयोगशाळेचा होता, ती दीड वर्षापूर्वी आपली पद्धत बदलून बसली होती. पहिल्या निष्कर्षानंतर दुसरा डॉक्टर नमुन्याची काचपट्टी पुन्हा बघायचा आणि त्याचं मत 'पुरवणी'त जायचं. पुरवणी शेऱ्याच्या आत, पुरवणीच्या आत दुसरी पुरवणी, आणि तिच्याही आत आणखी एक. मोजले तर कप्पे सात. सातव्या कप्प्यात एकच ओळ होती: 'गाठीत संशयास्पद पेशी दिसतात. रुग्णाला तातडीने बोलवावे.'

आमचा माणूस सहाव्या कप्प्यापर्यंत गेला होता आणि रिकाम्या हाताने परत आला होता.

"भाऊ, झालं का?" बाईने खिडकीतून विचारलं.

सोडवण्यांनी सगळे कागद नीट जुळवले, टाचले आणि तिच्या हातात दिले. मग म्हणाले, "सातवं पान वाचा. त्यात जे आहे ते तुमच्या डॉक्टरकडे पोचायला हवं होतं. ते माझ्यामुळे पोचलं नाही."

तिला काही कळलं नाही. ती "बरं" म्हणाली आणि गेली. तिला कळलं ते संध्याकाळी, घरी, मुलीने वाचून दाखवल्यावर.

पुढचे दोन दिवस सोडवणे जेवायलासुद्धा उठले नाहीत. त्यांनी मर्यादेची ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी नऊ वर्षांपूर्वीच घालायला हवं होतं ते घातलं. जे कप्पे एकदा उघडून झाले त्यांची यादी ठेवायची आणि तोच कप्पा पुन्हा आला तर सोडून द्यायचा. खोलीला मर्यादा नको. त्या चार ओळी लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली. मग दीड वर्षाचे सगळे रिपोर्ट त्यांनी नव्याने चाळले. सातव्या कप्प्यात एकोणीस ओळी सापडल्या.

एकोणीसपैकी चौदा जणांना त्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कुठल्या कारणाने परत बोलावलं होतं. ते सुटले. उरले पाच. त्यातला एक रंगारी. एक म्हातारी, तीही गेलेली. एक जण दुसऱ्या देशात राहायला गेलेला. त्याला फोन लागला तेव्हा कळलं, की तिकडे त्याची पुन्हा तपासणी झाली होती आणि संशय खोटा निघाला होता. राहिले दोघं. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आणि एक प्लंबर.

मॅडमनी दार लावून घेतलं. आत आम्ही तिघंच.

"त्या दोघांच्या डॉक्टरांना आत्ताच कळवा," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना पत्रं जातील, वकिलाला दाखवून. तुम्ही कुणाशीही बोलायचं नाही."

"मी जाणार," सोडवणे म्हणाले.

"कुठे?"

"घरोघरी."

"आणि जाऊन काय सांगणार? एका ओळीची गोष्ट? लोक मारतील तुम्हाला."

"मारू देत."

"हे बघा," मॅडमचा आवाज जरा खाली आला, "चूक एकट्याची नसते. कुणीतरी तपासलं असेल ना?"

मी जमिनीकडे बघत होते. सोडवणे म्हणाले, "ती ओळ मी घाईत टाकली. तपासायला कुणाला वेळच दिला नाही." हे खोटं होतं. मी तोंड उघडलं नाही.

पहिल्या घरी मी त्यांच्याबरोबर गेले. तेवढ्याच एका घरी. म्हातारीचा मुलगा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. सोडवणे अडखळत बोलले, पण काही वगळलं नाही. शेवटी मुलगा म्हणाला, "म्हणजे आई बरी झाली असती?"

"माहीत नाही. पण सहा महिने आधी कळलं असतं."

"तुम्ही हे सांगायला आलात ते कुणासाठी? माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

मुलाने दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. जिना उतरताना सोडवणे मध्येच पायरीवर बसले. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी उघडली आणि तशीच हातात धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी अंगात कणकण असल्याचं सांगितलं आणि पुढच्या घरांना गेले नाही. कणकण नव्हती.

म्हणून पुढचं मला त्यांच्याकडून कळलं, आणि काही वहिनींकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून.

गणिताच्या बाई कडक होत्या. डॉक्टरने त्यांना आदल्याच दिवशी बोलावून सांगितलं होतं. सोडवण्यांना त्यांनी आत घेतलं, खुर्ची दिली आणि समोर बसून विचारलं, "अहो गृहस्थ, तुमच्यामुळे कळलं म्हणून आभार मानू, की तुमच्यामुळे अकरा महिने कळलं नाही म्हणून शिव्या देऊ?"

"दोन्ही चालेल."

"मला तो प्रोग्राम बघायचाय."

सोडवण्यांनी खिशातून जुन्या प्रोग्रामचा घडी केलेला कागद काढला. त्यांनी तो छापून जवळच ठेवला होता, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. बाईंनी चष्मा लावला आणि मुलांची वही तपासावी तशा ओळीवर बोट फिरवत वाचू लागल्या. प्रोग्राम त्यांनी आयुष्यात कधी लिहिला नव्हता. चार-पाच ठिकाणी विचारलं, हे काय, ते काय. मग एका ओळीवर बोट थांबलं.

"इथे कप्प्यात काही नसलं तर रिकामं परत देता."

"हो."

"आणि इथे, पुढे जायचं नाही म्हणून मागे फिरलात, तिथेही रिकामंच देता."

"हो."

"ही दोन रिकामी वेगळी आहेत. एक म्हणजे 'बघितलं, काही नाही'. दुसरं म्हणजे 'बघितलंच नाही'. दोघांना तुम्ही एकच खूण दिलीत. सातवीतल्या पोरालाही मी यावर गुण दिले नसते."

घरी येऊन सोडवण्यांनी वहिनींना हे सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडले. वहिनी म्हणाल्या, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण त्यांना रडताना त्यांनी प्रथमच पाहिलं. गॅस बंद केला आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

बाईंची शस्त्रक्रिया झाली. त्या वाचल्या. वर्षभराने शाळेत परत गेल्या असं ऐकलं. सोडवण्यांना त्यांनी पुन्हा कधी भेटायला बोलावलं नाही आणि तेही गेले नाहीत.

प्लंबरची गोष्ट वेगळी झाली.

तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. दोन खोल्यांचं घर, दाराशी पाइपांचे तुकडे रचून ठेवलेले. सोडवणे गेले तेव्हा तो पलंगावर पाय सोडून बसला होता आणि बायको त्याच्यासाठी उशी ठाकठीक करत होती. रोग पुढे गेला होता, डॉक्टरने स्पष्टच सांगितलं होतं. सोडवण्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बायको भिंतीशी सरकली आणि तोंडाला पदर लावून बसली.

मग प्लंबर म्हणाला, "बसा साहेब. उभं राहून काय बदलणारे?"

ते बसले.

"आमच्यातही असतं हे. नळाला पाणी नाही आलं तर घरवाली लगेच ओरडते. पण भिंतीच्या आत सांधा सुटला तर नळाला पाणी येतंच. वर्षभर येतं. आणि भिंत आतून कुजत असते." तो थांबला, दम घेतला. "माझ्याही हातून झालंय एकदा. खालच्या मजल्याचं छत पडलं. म्हातारा होता खाली. पाय गेला त्याचा. मी सांगायला गेलो नाही. दुसऱ्या मिस्त्रीवर गेलं ते."

बायकोने मान वर केली. तिलाही हे माहीत नव्हतं.

"तुम्ही आलात," प्लंबर म्हणाला. "मला तेवढं जमलं नाही."

त्या दिवसापासून सोडवणे दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे जाऊ लागले. प्लंबरला इस्पितळात न्यायचे, रांगेत उभे राहायचे, अर्ज भरायचे. प्लंबर त्यांना आधी 'साहेब' म्हणायचा, मग 'दादा' म्हणू लागला. त्यांचे हात कधी रिकामे बसत नसत म्हणून तो त्यांना पाइपांच्या सांध्यांना सुताचा धागा कसा गुंडाळायचा ते शिकवायचा. "सैल झालं दादा, पुन्हा. हे काय तुमच्या त्या मशीनमधलं नाही, इथे चूक केली तर पाणी तोंडावर उडतं." असं म्हणून हसायचा आणि खोकायचा.

याच काळात ऑफिसात कुणी तरी सवयीने "अहो सोडवणे, ही वायर जरा..." म्हणालं. ते म्हणाले, "मला माझ्या नावाने हाक मारा." आवाज चढवला नाही, पण पुढे केलेली वायर मागे गेली. उरलेल्या त्या पाच जणांच्या पाचही ओळींत 'गाठ' हा शब्द होता. ते त्यांच्या मनात किती खोल गेलं असेल ते मला तेव्हा समजलं.

त्या पहिल्या भेटीनंतर सातव्या महिन्यात प्लंबर गेला, दुपारी अडीचच्या सुमाराला. सोडवणे तिथेच होते. त्यांनी त्याच्या बायकोला हाताला धरून शेजारच्या खोलीत बसवलं, डॉक्टरला बोलावलं, नातेवाइकांना फोन केले. सगळं आटोपल्यावर प्लंबरच्या थोरल्या भावाने त्यांना विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

प्लंबरच्या बायकोनेच उत्तर दिलं, "घरचेच आहेत." वहिनी म्हणाल्या, त्या एका वाक्याने ते जास्त खचले. शिव्या ते झेलू शकत होते.

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. मॅडमनी तो दोनदा परत केला. मॅडम वाईट नव्हत्या. पत्रं त्यांनी पाठवली होती, चूक लेखी कबूल केली होती, वकिलाचा विरोध असतानाही. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी सही केली. शेवटच्या दिवशी सोडवणे टेबल आवरत असताना मला राहवलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात. मी विचारलं होतं तुम्हाला. ओरडायला नको का, म्हणून. आणि तरी सही केली होती."

"आठवतंय."

"मग सांगितलं का नाही?"

ते खण रिकामा करत होते. पेन, टाचण्या, औषधाची अर्धी पट्टी. "तुमची मुलगी परीक्षेला बसायची होती," ते म्हणाले. "आणि विचारलं होतं तुम्ही. मी ऐकलं नव्हतं."

"तुम्ही ऐकलं नाहीत आणि मी पुन्हा म्हटलं नाही. मग माझी काहीच चूक नाही?"

"आहे ना," ते शांतपणे म्हणाले. "पण ती तुमची तुम्ही बघा. मला आता उचलवत नाही." आणि पिशवी उचलून गेले. चौदा वर्षांत ते मला इतकं कठोर कधी बोलले नव्हते, आणि इतकं खरंही.

मी अजून तिथेच काम करते. रंगाऱ्याच्या बायकोकडे मी गेले, पण फार उशिरा, दोन वर्षांनी. ती घर बदलून गेली होती. कुठे, ते शेजारणीला सांगता आलं नाही.

सोडवणे आता सरकारी इस्पितळात बाहेरच्या बाकावर बसतात. पगार नाही. ज्यांना वाचता येत नाही किंवा वाचायची भीती वाटते, त्यांना त्यांचा रिपोर्ट वाचून दाखवतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा, अगदी प्रयोगशाळेचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा. मागचे लोक कुरकुरतात. मी एकदा लांबून बघितलं. एका म्हाताऱ्याला ते वाचून दाखवत होते, आणि म्हातारा कंटाळून म्हणाला, "अहो, मुद्द्याचं सांगा ना." त्यांनी मान हलवली आणि पुढची ओळ वाचली.

त्यांना भेटायचा धीर मला झाला नाही. परतताना वहिनींकडे गेले. त्यांनी चहा टाकला. त्या बऱ्याच वाळल्या होत्या.

"बरे आहेत ना?" मी विचारलं.

"जेवतात. झोपतात." वहिनी कप पुसत म्हणाल्या. "दिवसभर तिथे लोकांना वाचून दाखवतात ना, घरी आले की तोंडातून शब्द निघत नाही. मी म्हणते, दोन वाक्यं माझ्याशी बोला. काहीही बोला. तर म्हणतात, काय बोलू? आणि मग खरंच काही बोलत नाहीत."

त्यांनी चहा गाळला. आम्ही दोघींनी तो न बोलताच प्यायला.